खेकड्याला कळतं का?

अमडापूर, रविवार, ता. १७ एप्रिल १९३८

बरणी फुटली नाही!

नागपूरपासून मांडीवर. जलंबला गाडी बदलताना डोक्यावर. खामगावहून सर्व्हिस मोटारीत कांद्याच्या पोत्यावर बसून पोटाशी. कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं— असा नमुना पुन्हा मिळायचा नाही, सुट्टीत नीट अभ्यासा आणि जुलैत जसाच्या तसा परत आणा. जसाच्या तसा! मी वाटेत दहादा झाकण चाचपलं. शेवटी चाचपल्यानेच सैल झालं.

डब्यात शेगावला उतरणाऱ्या बायका होत्या. स्पिरिटचा वास आला तेव्हा एकीने विचारलं, "लोणचं हाये काय वो पोरी?" मला खोटं बोलता येत नाही, आणि थोडक्यातही बोलता येत नाही. सांगितलं, की हा समुद्राचा खेकडा आहे, नर आहे, आणि त्याच्या पोटाखाली जी पिशवी दिसते ती त्याची नाही, दुसऱ्याच प्राण्याची आहे. बाई सरकून बसली. शेजारच्या सुनेलाही तिने सरकवलं. सून पोटुशी होती.

घरी मायने बरणी उजेडात धरली. म्हणाली, "एवढा मोठा खेकडा, अन् दारूत घातला? रस्सा नसता झाला?" मग पिशवी पाहून हळहळली. अंड्यावरची खेकडी नदीत सापडली तर आपण सोडून देतो, हे शिकलेल्यांना कळू नये? मी म्हटलं, ती अंडी नाहीत माय. ती सॅक्युलिना.

"सखू?"

"सॅक्युलिना."

"तेच म्हणलं मी. सखू."

सखूला घरात जागा नाही. गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली आहे. म्हैस तिच्याकडे पाहून फुरफुरते.

जेवताना बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, चिखलीहून मला मागणी आली आहे. घर मोठं, जमीन मोठी. मुलाची आई म्हणाली, शिकली तेवढी पुरे, आता नागपूर बंद. दुसरी, समाजाच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव पाच मेला मलकापूरहून इथे येणार आहेत. मंडळाची शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात. पोरगी नागपुरात काय शिकते ते त्यांना सगळ्या गावासमोर ऐकायचं आहे, मग शेवटच्या वर्षाचं ठरवणार. शिष्यवृत्ती राहिली तर बाबा चिखलीला नाही म्हणतील. गेली तर हो. "माह्यापाशी तिसरी वाट नाही, मंजे," म्हणाले.

आमच्या घरात सही करता येणारी मी पहिली. आणि भाषण करायचं!

सोमवार, ता. १८

अक्काचे यजमान, हिंमतराव भाऊजी, ओसरीतल्या खाटेवर आहेत. दिवाळीनंतर मी निघाले तेव्हा डाव्या कुशीवर होते. आता उजव्या.

सहा वर्षांपूर्वी ते अक्काला न्यायला आले होते. अजून न्यायचे आहेत.

बाबांना मुलगा नाही, आम्ही दोघी बहिणीच. तेव्हा भाऊजी म्हणजे घरजवाईच. पण तो शब्द आमच्याकडे कोणी काढत नाही. माणसाच्या तोंडावर तो म्हणणं म्हणजे त्याच्या फेट्याला हात घालणं. आम्ही म्हणतो, "ते इथंच राहतात."

आज दुपारी पाहिलं— भाऊजी उताणे पडले होते. पानाचा डबा खाटेच्या पायथ्याशी. उठले नाहीत. पायाच्या अंगठ्याने डबा ओढला, दुसऱ्या पायाने झाकण उघडलं. माझ्या मांडीवर पुस्तक होतं आणि त्यात हेच होतं! बार्नॅकल नावाचा प्राणी खेकड्याचा भाऊबंद. लहानपणी समुद्रात मोकळा पोहतो. मग एक खडक पाहून डोकं त्याला चिकटवतो, भोवती चुन्याच्या भिंती बांधतो, आणि जन्मभर डोक्यावर उभा राहून पायांनी जेवतो.

असं लिहिणं बरोबर नाही. मोठे आहेत ते. खोडावं का? पण खोडलं तरी विचार राहतोच. मग निदान खाडाखोड तरी नको.

गुरुवार, ता. २१

विषय ठरला. बार्नॅकल परक्याच्या जिवावर कसे जगू लागले, हा. बरणी आहे, म्हणजे दाखवायला काहीतरी आहे.

मुद्दा असा मांडायचा आहे, की एकदम कोणी सखू होत नाही. (मीही सखूच म्हणू लागले!) बहुतेक बार्नॅकल खडकाला चिकटतात. त्यात कोणाचं नुकसान नाही. काही देवमाशाच्या पाठीवर बसतात. फुकट प्रवास, पण जेवण स्वतःचं, पाण्यातून मिळेल ते. एक जात मात्र शार्क नावाच्या दातांच्या माशाच्या अंगात देठ रुतवते आणि त्याला मुळं फोडते. तिचे पाय अजून आहेत, तोंड आहे, पण ती ते वापरत नाही. आणि शेवटी सखू. तिला पाय नाहीत, तोंड नाही, पोट नाही. खेकड्याच्या आत मुळंच मुळं, पार नांग्यांच्या टोकापर्यंत, आणि बाहेर एक पिशवी. ती बार्नॅकल आहे हे ओळखलं कशावरून? तिच्या पिल्लांवरून. पिल्लं इतर बार्नॅकलांसारखीच पोहतात. बाळपण कोणाला लपवता येत नाही.

खाली टीप लिहिली आहे— या पायऱ्या दिसतात, पण सखू याच जिन्याने खाली उतरली असं सिद्ध झालेलं नाही. हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर फसवणूक.

भाऊजींच्याही पायऱ्या आठवल्या. आले तेव्हा बाहेर ओट्यावर बसत. तो खडक. मग बाबांच्या गाडीतून बाजारात जाऊ लागले, पण पान स्वतःचं स्वतः घेत. तो देवमासा. मग बाजारात जाणं बंद, पान बाबाच आणू लागले. आणि आता धान्याच्या कोठीची किल्ली भाऊजींच्या करगोट्याला आहे, कारण मायला ती उशीखाली टोचते म्हणे.

बाबा मात्र वाळले आहेत. बाजारातून आले की स्वतः पाणी पिण्याआधी खाटेखालचा तांब्या भरून ठेवतात. पुस्तकात लिहिलं आहे की सखू आत शिरलेला नर खेकडा हळूहळू मादीसारखा होतो, पोट रुंद होतं, आणि त्या पिशवीलाच आपली अंडी समजून साफ करतो, वारा घालतो.

बाबा भाऊजींना वारा घालत नाहीत. हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

रविवार, ता. २४

माय, अक्का आणि म्हशीसमोर भाषण म्हणून दाखवलं. अक्का बार्नॅकलला 'बाराअक्कल' म्हणते. अडचण 'परोपजीवी'पाशी आली. कोणालाच कळला नाही. माय म्हणाली, सरळ बांडगूळ म्हण, आंब्यावर येते तसं.

पण बांडगुळाला हिरवी पानं असतात. ते आंब्याच्या फांदीतून रस ओढतं खरं, तरी थोडंफार अन्न स्वतः करतं. सखू काहीच करत नाही. तेव्हा बांडगूळ म्हणणं बांडगुळावर अन्याय होईल.

माय म्हणाली, "बांडगूळ काय कोर्टात जाऊन राह्यलं?"

सोमवार, ता. २५

एक भयंकर विचार आला. बाबांनी मळ्यात राबायचं आणि मी नागपुरात बसून पुस्तकं वाचायची. पिशवी नागपुरात, मुळं अमडापुरात.

जेवले नाही. मग मायने रागावून वाढलं, तेव्हा जेवले.

शुक्रवार, ता. २९

आज भाऊजींनी स्वतःहून भाषण ऐकायला मागितलं! मी टाळत होते. ते म्हणाले, शाळेत असताना त्यांनी नाटकात काम केलं होतं, आवाज कसा टाकायचा ते त्यांना ठाऊक आहे. उठून बसले. अक्का पाहायला बाहेर आली.

शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच विचारलं, ती सखू दिवसभर करते काय? मी म्हटलं, काही नाही. "अन् खेकडा?" तिला जपतो. भाऊजींनी मान हलवली. "मंग बरं हाये तिचं." थोड्या वेळाने म्हणाले, "खेकडाही भला माणूस दिसते."

मग शिकवलं— खाली पाहू नको, सगळ्यांत मागे बसलेल्या माणसाला सांगतो आहोत असं समज, आणि घाबरलीस तर मला शोध, मी पहिल्या रांगेत असेन.

मला फार लाज वाटली. एकवीस तारखेचं पान फाडावं वाटलं. पण त्याच्या मागच्या बाजूला टीप आहे.

बुधवार, ता. ४ मे

उद्या. 'मले' म्हणायचं नाही. मला. मला. मला.

गुरुवार, ता. ५

आज लिहवत नाही.

शुक्रवार, ता. ६

क्रमाने लिहिते. नाहीतर मनात वाढत राहील.

शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष खाली, बायका ओट्यावर. खुर्चीवर अध्यक्ष उत्तमराव, भरघोस मिशा, जरीकाठी फेटा. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई बायकांत अगदी पुढे. त्यांच्याबरोबर मलकापूरच्या शाळेतले एक तरुण मास्तर आले होते, शेषराव म्हणून. भाऊजी पहिल्या रांगेत बाबांच्या शेजारी, नव्या धोतरात.

सुरुवात चांगली झाली. डोक्यावर उभा राहून जेवणारा प्राणी लोकांना आवडला. देवमासा आवडला. शार्कच्या अंगात मुळं रुतवणारी जात सांगितली तेव्हा कोणीतरी आपल्या भावकीचं नाव घेतलं आणि लोक हसले. 'मला' तीनदा बरोबर आलं. बरणी हातोहात फिरली आणि फुटली नाही. उत्तमराव पुढे वाकून ऐकत होते. बाबांची मान ताठ झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग 'परोपजीवी' आला आणि म्हातारे कडूबा काठी टेकत उठले. म्हणाले, "पोरी, सारं समजलं, हा एक शबुद सोडून. तेवढा आपल्यात सांग."

माय ओट्यावरून 'बांडगूळ, बांडगूळ' करत होती. मला ऐकू येत होतं. पण बरणी समोर असताना चुकीचं कसं सांगू? मी नेमका शब्द शोधू लागले. परक्या घरात येतो. पुन्हा बाहेर जात नाही. मालकाला मारत नाही, पण सगळं त्याच्यातूनच घेतो. आणि मालकच त्याची सरबराई करतो. सगळे माझ्याकडे पाहत होते. घाबरले म्हणून भाऊजींना शोधलं. ते हसून मान डोलवत होते. आणि तोंडातून निघालं—

"म्हणजे घरजवाई."

आधी एकट्या रुक्मिणीबाई हसल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. मग सगळा ओटा हसला, मग खालचे पुरुष. मग पुरुषांनी उत्तमरावांकडे पाहिलं आणि सगळे एकदम गप्प झाले. ओट्यावर रुक्मिणीबाई एकट्याच राहिल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं.

मला काहीच समजेना. उत्तमरावांच्या मिशा हलत नव्हत्या. भाऊजींची मान डोलायची थांबली होती. पटांगणात फक्त रुक्मिणीबाईंची उचकी ऐकू येत होती.

तेव्हा ते शेषराव मास्तर उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "बाई, एक सवाल हाये. त्या खेकड्याले कळते काय? का बा आपल्या घरात हे कोणी दुसरं राहून राह्यलं?"

मी म्हटलं, मले माहीत नाही.

मले!

घरी आल्यावर बाबांनी सांगितलं. उत्तमरावांची सगळी जमीन रुक्मिणीबाईंच्या वडिलांची. उत्तमराव मलकापूरचे नाहीतच, जवाई म्हणून तिथे आले. साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. मग मला कोणी का नाही सांगितलं? कसं सांगणार, तो शब्द कोणी काढतच नाही!

उत्तमरावांनी आमच्याकडे मांडे खाल्ले, रस खाल्ला, "कळवू" म्हणाले आणि निघून गेले.

भाऊजींनी दुसऱ्यांदा रस घेतला नाही.

रविवार, ता. ८

भाऊजी पहाटे उठून मळ्यात गेले.

अक्काने पाहिलं तेव्हा खाट रिकामी. ती ओरडलीच, चोरी झाल्यासारखी. गेलो तर भाऊजी विहिरीवर मोट हाकत होते. बैलांना त्यांचा आवाज ओळखीचा नाही. बैल उलटे आले, नाडा सुटला आणि मोट विहिरीत गेली. बाबांनी गळ टाकून ती काढली.

सोमवार, ता. ९

भाऊजींनी कोथिंबीर निंदली. गवत राहिलं, कोथिंबीर निघाली.

दुपारी बियाण्यासाठी राखलेली काकडी तोडून आणली, बाबांना खाऊ घालायला. बाबांनी खाल्ली. मग मायजवळ येऊन हळूच म्हणाले, "कोणी बसवा वो त्याले."

मी भाऊजींची माफी मागायला गेले. म्हटलं, तो शब्द मी सखूसाठी वापरला होता. ते म्हणाले, "पोरी, तू कधी खोटं बोलत नाही. आता काऊन बोलून राह्यली?" आणि पुन्हा खुरपं उचललं. मी कळवळून म्हटलं, निदान वांग्यांना हात लावू नका.

बुधवार, ता. ११

भाऊजी गेले. कोठीची किल्ली खाटेवर ठेवून, एक पिशवी घेऊन. मोटारीच्या रस्त्याने जाताना कोणीतरी पाहिलं. कुठे ते सांगितलं नाही.

अक्का माझ्याशी बोलत नाही. माझं ताट माझ्यासमोर ठेवते आणि भिंतीला सांगते, "जेव म्हणा."

शनिवार, ता. १४

पुस्तकात आहे की पिशवी कापून काढली तरी खेकडा पहिल्यासारखा होतोच असं नाही. बाबा रोज संध्याकाळी बाजारातून पान आणतात. रोज तांब्या भरून रिकाम्या खाटेखाली ठेवतात. मग आठवतं, आणि त्यातलं पाणी तुळशीला घालतात.

आज सकाळी राहवलं नाही. बाबा वांग्यांना पाणी देत होते. विचारलं, इतकी वर्षं भाऊजी बसून खातात, हे तुम्हाला दिसत नव्हतं का?

बाबांनी फावड्याने एक सरी बंद केली, दुसरी उघडली. मग म्हणाले, "तुले वाटते तुहा बाप आंधळा हाये?"

त्यांनी सांगितलं ते असं. अक्का सासरी काडीसारखी झाली होती. सासू पुढे बसून घास मोजायची. माहेरी आली तेव्हा महिनाभर हसली नाही. मी तेव्हा लहान, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मग भाऊजी न्यायला आले. माणूस आळशी, पण अक्कावर हात उचलणारा नाही, आणि ओसरीवर काहीतरी बोलला की अक्का आतून हसायची. बाबा म्हणाले, दोन दिवस राहा. तिसऱ्या दिवशी भाऊजी आपली गाडी जुंपायला निघाले.

"मंग?"

"मंग म्या बैल लपवले."

मला वाटलं, नीट ऐकलं नाही.

"लिंबाच्या मळ्यात नेऊन बांधले. चुकले म्हणून सांगतलं. चार दिस तोही शोधत हिंडला माह्यासंगं. पाचव्या दिशी म्हणला, मामाजी, बैल सापडले तरी काही घाई नाही." बाबा हसू लागले. "तो खाते तर खाऊ दे वो. पोरगी दारात हासते ना."

मी तिथेच बांधावर बसले. मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मी इतके दिवस पुस्तकात शोधत होते.

सोमवार, ता. १६

चिखलीचा निरोप. शुक्रवारी येतो, हो की नाही ते एकदाचं सांगा.

मलकापूरहून काही नाही.

बरणीतलं स्पिरिट थोडं उडालं आहे. खेकड्याची एक नांगी वर आली आहे, सभेत प्रश्न विचारायचा असल्यासारखी.

गुरुवार, ता. १९

भाऊजी आले!

दमणीतून आले. उत्तमरावांची दमणी, उत्तमरावांचा गाडीवान, आणि मांडीवर आंब्यांची करंडी. अंगाने थोडे भरले आहेत. आठवडाभर मलकापूरला होते, उत्तमरावांकडे!

अक्काने चुलीवरचा तवा तसाच सोडला आणि ओसरीत येऊन त्यांना इतकं बोलली, इतकं बोलली, की शेजारी जमले. ते ऐकून घेत खाटेवर बसले. मग माझ्याशीही बोलली. म्हणाली, "पाह्यतं काय, पाणी आण."

भाऊजी पाणी पिऊन सांगू लागले. घरून निघाले ते खरं म्हणजे स्वतःच्या गावी जायला. पण मोटार मलकापूरच्या बाजूची आधी आली. तेव्हा विचार केला, या शब्दाचा मार आपल्यासारखाच अजून एका माणसाला बसला आहे, त्याच्याशी बसून बोलावं. उत्तमरावांनी दोन दिवस भेट दिली नाही. भाऊजी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. (खडक!) तिसऱ्या दिवशी आत बोलावलं, चौथ्या दिवसापासून दोघं पत्ते खेळत होते. "तथली खाट आपल्यापेक्षा लांब हाये," म्हणाले. "पाय पुरतात."

मी म्हटलं, भाऊजी, शिष्यवृत्ती?

राहिली! शेवटचं वर्ष पूर्ण! उत्तमराव नाहीच म्हणत होते. म्हणत होते, समाजाने पोरींना खेकडे दाखवायला शिकवायचं का? तेव्हा रुक्मिणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्या अर्धा जनम हा माणूस पाह्यला अन् मले नीट सांगता आलं नाही. या पोरीनं एका शबुदात सांगतलं. ते शिकल्यानंच ना?" शेवटी उत्तमरावांनी भाऊजींना विचारलं, की तुमच्या मेहुणीला ठाऊक असेल तर विचारा, ती पिशवी काढून टाकली तर खेकडा जगतो काय?

त्यावर रुक्मिणीबाईच म्हणाल्या, "काढाची कोणाले हाये?"

बाबांनी लगेच चिखलीला नकाराचा निरोप धाडला. मी गोठ्यात जाऊन बरणीचं झाकण घट्ट केलं. भाऊजी पुन्हा डाव्या कुशीवर आहेत. बाबांनी तांब्या भरून ठेवला. आज तो तुळशीला गेला नाही.

उत्तमरावांना उत्तर लिहायचं आहे. खेकडा जगतो, पण ते खेकड्यावर अवलंबून आहे.

शुक्रवार, ता. २०

भाऊजींनी एक निरोप राखून ठेवला होता, तो आज बाबांना सांगितला. सभेत सवाल विचारणाऱ्या त्या शेषराव मास्तरांनी मला मागणी घातली आहे. त्यांना आईवडील नाहीत. इकडच्या शाळेत बदली मागून आमच्याच घरी राहायला तयार आहेत, मी नागपुरात शिकत असेन तेव्हाही. भाऊजी म्हणतात, नाहीतर दर साली एक चिखली येईल. माय ओसरीत हात पसरून वावेने मोजत होती, दुसरी खाट मावते म्हणते.

बाबांनी मला विचारलं, "काय कळवू त्याले?"

मी म्हटलं, त्यांच्या सवालाचं उत्तर कळवा. खेकड्याले कळते.